गोगलगाय आणि पोटात पाय
(विज्ञान मंडळाच्या उद्घाटनप्रसंगी केलेले भाषण)



आज मी आपल्याशी गोगलगाईविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकजण तिला घरी घोंघा म्हणतात, शाळेत गोगलगाय म्हणतात आणि पुढे महाविद्यालयात पायला या नावाने तिची आकृती काढतात. नावे तीन झाली. पण तिच्याकडे नीट पाहिले किती जणांनी? मी स्वतःच कबुली देतो. प्रात्यक्षिकाच्या वहीतील माझ्या आकृतीला चांगले गुण मिळाले होते. ती मी मित्राच्या वहीवरून उतरवली होती.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसाला लावतो. शास्त्रज्ञांनीही तिच्या वर्गाला उदरपाद, म्हणजे पोटाशीच पाय असलेले प्राणी, असेच नाव दिले आहे. हा वर्ग मृदुकाय प्राण्यांच्या संघातला. शंख, शिंपले, कवड्या, इतकेच काय, समुद्रातील माकूल आणि ऑक्टोपसही याच संघातले. शरीर मऊ, त्यावर प्रावार नावाचे आवरण. हे प्रावारच चुन्याचे कवच घडविते. गोगलगाईच्या तोंडात बारीक दातांची, कानशीसारखी पट्टी असते. तिने ती दगडावरचे शेवाळ खरवडून खाते.

इतक्या गरीब प्राण्याचा अभ्यास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथील काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी दाखवून दिले की, हा रक्तात राहणाऱ्या एका चपट्या कृमीचा रोग आहे. हाच रोग नाईल नदीच्या काठी फार जुना. त्याचा कृमी बिलहार्झ यांनी १८५१ साली कैरोत शोधला, आणि तो गोड्या पाण्यातील गोगलगाईमार्फत पसरतो हे लायपर यांनी १९१५ साली इजिप्तमध्येच सिद्ध केले.

रोग्याच्या लघवीतून कृमीची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेल्या डिंभाला काही तासांतच योग्य जातीची गोगलगाय गाठावी लागते. नाही तर तो मरतो. ती मिळाली की तिच्या शरीरात एकाचे असंख्य होतात, आणि दुभंगलेल्या शेपटीचे डिंभ बाहेर पडून पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. मग गिमवीत ही गोगलगाय कोणती? इजिप्तमधील जात ती नव्हती. शोधांती या संशोधकांना टोपीसारख्या कवचाची, काही मिलिमीटर लांबीची एक गोगलगाय सापडली; तिचे नाव फेरिसिया टेन्युइस. साखळी कोठे तोडायची हे त्यामुळे कळले: रोग्याला औषध, पाणी घाण न करणे आणि या गोगलगाईंवर नियंत्रण.

मित्रहो, ती गोगलगाय पाण्यात सर्वांच्या समोरच होती. माणसे रोज तेथे जात होती. तिच्याकडे पाहणारा डोळा मात्र नव्हता. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतातील चपटा कृमीही पाणथळ जागेतील गोगलगाईंमधूनच येतो. २०२२ च्या पावसाळ्यात लातूरकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, तेव्हा शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. अशा वेळी ती अंडी कोठे घालते, दिवसा कोठे लपते, हे सांगणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर केवढा आधार!

म्हणून पदाधिकाऱ्यांस माझी एक विनंती आहे. प्रयोगशाळेतील बाटल्यांत बुडवलेल्या नमुन्यांशेजारी काचेची एक टाकी ठेवा. शिक्षकांनी गोदावरीकाठच्या गोगलगाई हातमोजे घालून आणाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी महिनाभर रोज पाहून आपल्या भाषेत, उर्दूत किंवा मराठीत, टिपणे लिहावीत. आकृती वेडीवाकडी आली तरी चालेल. ती स्वतः पाहून काढलेली असावी. मी जे केले नाही ते तुम्ही करावे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.