सह्याद्रीतील भेकर

पुणे शहराच्या पूर्वेला आणि पश्चिमेला दोन अगदी निराळी हरणे राहतात. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील माळावर चिंकारा दिसतो. तो कुरंग, त्याची शिंगे पोकळ आणि जन्मभर टिकणारी. ताम्हिणी आणि भीमाशंकरच्या रानात भेकर आढळते. ते सारंग; नराची भरीव शिंगे दरवर्षी, बहुधा उन्हाळ्याच्या अखेरीस, गळतात व पुन्हा उगवतात.

भेकराची उंची खांद्यापाशी दोन फुटांच्या आसपास, रंग तांबूस तपकिरी. नराची आखूड शिंगे केसाळ कातडीने झाकलेल्या लांब खुंटांवर उगवतात. हे खुंट कपाळावरून खाली उतरत आल्याने चेहऱ्यावर दोन काळसर कंगोरे उठून दिसतात. मादीला शिंगांच्या जागी केसांचे झुपके असतात. नराचे वरचे सुळे ओठांबाहेर डोकावतात. अंगावर आलेल्या कुत्र्याला तो त्यांनी चांगलेच फाडू शकतो.

भेकर कळप करीत नाही. सकाळ-संध्याकाळ एकटेच फिरून ते कोवळी पाने, गवत व झाडाखाली गळलेली फळे खाते. बिबट्याची चाहूल लागताच मात्र ते कुत्र्यासारखे भुंकू लागते, कधी कधी तासभर. गावात नवीन आलेल्या शिक्षकाला दरीत कुत्रे अडकले असावे असे वाटते. जाणता गुराखी मुकाट्याने गुरे वळवतो.

मादीला बहुधा एकच पाडस होते. अंगावर पांढरे ठिपके असलेल्या या पाडसाला झुडपात दडवून ती चरावयास जाते. घोटाळा होतो तो येथेच. गवत कापणाऱ्यास ते पोरके वाटते आणि तो दयेपोटी त्यास घरी आणतो. धास्तीने व गाई-म्हशींच्या दुधाने ते अनेकदा दगावते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाप्रमाणे शिकारीइतकेच त्याला पकडणेही गुन्हा आहे.

असे पाडस दिसल्यास न शिवता दूर व्हावे. जखमी असल्यास अथवा कुत्री मागे लागल्यास वनरक्षकास कळवावे. गावच्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त हा तर ग्रामपंचायतीचाच विषय. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, हा समज खरा नाही. चुकून उचललेले पाडस वनरक्षकाच्या देखरेखीखाली लगेच त्याच जागी ठेवल्यास मादी पुष्कळदा परत येते. त्यासाठी ते नेमके कोणत्या झुडपाखाली सापडले, हे आणणाऱ्याकडून प्रथम विचारून घ्यावे.