जेली जमते कशी आणि रस निवळतो कसा?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा विषय नावाने अवघड वाटेल, पण त्याचे मूळ आपल्या चुलीपाशीच आहे. जेलीसाठी आपण फार पिकलेले पेरू घेत नाही, थोडे करकरीत घेतो. फळाच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणारे पेक्टिन त्यांत भरपूर असते, आणि साखर व लिंबू यांच्या साथीने तेच जेली जमवते. हे नाव १८२५ साली ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिले. फळ पिकू लागले की त्यातलीच विकरे, म्हणजे एन्झाइम्स, पेक्टिन मोडू लागतात. फळ मऊ होते आणि जेली पातळ राहते.

हेच काम बुरशी अधिक झपाट्याने करते. १९३० च्या सुमारास फळांचे रस निवळण्यासाठी कारखान्यांत अशी विकरे वापरात आली. ती मिळवण्याची एक रीत आपल्याला सहज कळेल. गव्हाचा कोंडा ओला करून वाफेने निर्जंतुक करतात आणि त्यावर अ‍ॅस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीचे निवडक वाण वाढवतात. संत्र्याच्या सालीची भुकटी मिसळली की त्यातले पेक्टिन खाण्यासाठी बुरशी जास्त विकर सोडते. काही दिवसांनी ते पाण्यात उतरवून गाळून घेतात. रस कोमट ठेवून त्यात हे विकर किंचित घातले की तास-दोन तासांत गढूळपणा खाली बसतो, रसही जास्त निघतो. पुढे रस चांगला तापवला की विकर निकामी होते.

अंबाडी पाण्यात कुजत घालतात तेव्हाही पाण्यातले जंतू पेक्टिन मोडूनच वाख सुटा करतात. सुती कापड कॉस्टिक सोड्यात उकळण्याऐवजी आता जंतूंपासून काढलेल्या विकराने कमी उष्णतेवर स्वच्छ करता येते. त्यात जळणही वाचते.

आता घरच्या तीन गोष्टी. नितळ रस दिसायला सुरेख असतो, पण पोटाला हितकर असे पेक्टिन त्यातून बहुतेक गेलेले असते. म्हणून मुलांना बाटलीतल्या रसापेक्षा फळच चिरून द्यावे. दुसरे, कारखान्यातली बुरशी पारखून घेतलेली असते, टोपलीतल्या फळावरची नव्हे. सडक्या सफरचंदात पॅट्युलिन हे विष असू शकते आणि ते उकळूनही पुरते जात नाही. काटकसरीपायी असे फळ रसात किंवा मुरंब्यात ढकलू नये. तिसरे, टोमॅटोचे सॉस दाट हवे तर फोडी चिरून ठेवू नयेत, चिरताच गरम पातेल्यात टाकाव्यात. उष्णतेने विकर थांबते आणि दाटपणा टिकतो.

कारखान्याला पेक्टिन मोडायचे असते, आपल्याला बहुधा ते राखायचे असते. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.