घोरणे, डुलक्या आणि एका रात्रीची तपासणी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात एका डॉक्टरांनी दिलेले भाषण)



आरोग्यावर चार शब्द बोला, असे संस्थेच्या चालकांनी मला सांगितले आणि मी झोपेचा विषय निवडला. समारंभात झोपेवर भाषण म्हणजे श्रोत्यांना झोपेचे आमंत्रणच, असे कोणी म्हणेल! पण सूरह नबामध्ये निद्रेचा उल्लेख विश्रांती म्हणून आलेला आहे. ही विश्रांती ज्याला रात्रभर पडूनही मिळत नाही, त्याला आपण आळशी म्हणून मोकळे होतो. मीही एकदा हीच चूक केली आहे.

काही वर्षांपूर्वी सातवीतल्या एका मुलाला त्याचे वडील माझ्या दवाखान्यात घेऊन आले. मुलगा वर्गात डुलक्या घेई. वाचलेले त्याच्या ध्यानात राहत नसे. कधी कधी रात्री अंथरूण ओले होई. वर्गात त्याला उभे केले जाई आणि घरी बोलणी बसत. मी टॉनिक लिहून दिले आणि लवकर झोपण्याचा उपदेश केला. असे वर्ष गेले. पुढे एकदा त्याची नानी सोबत आली आणि सहज बोलून गेली, "डॉक्टरसाहेब, हा रात्रभर घोरतो आणि मधेच याचा श्वास थांबतो. मला भीती वाटते, म्हणून मी उशाशी बसून राहते." मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते, त्याचे उत्तर त्या नानींच्या जवळ होते. वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागील ॲडिनॉइडच्या गाठी यांनी त्याचा श्वास अडत होता. तपासणी होऊन शस्त्रक्रिया झाली आणि मुलगा वर्गात जागा राहू लागला. पण त्याचे ते एक वर्ष मला परत देता आले नाही.

या विकाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बंद होते आणि श्वास दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अडतो. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास पुन्हा सुरू होतो. रोग्याला सकाळी यातले काही आठवत नाही. प्रौढांमध्ये तासाला असे पाचपेक्षा कमी प्रसंग सामान्य समजतात. तीस किंवा त्याहून अधिक झाले तर विकार तीव्र. मुलांच्या बाबतीत तासाला एकाहून अधिक प्रसंगही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. मोठ्या माणसांत या विकारासोबत रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. वाहन चालवणाऱ्याला लागलेली एक डुलकी तर संपूर्ण कुटुंबाला महागात पडते.

मात्र प्रत्येक पेंगणारा विद्यार्थी रोगी नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. मध्यरात्रीपर्यंत मोबाईल हाती असेल तर डॉक्टरांकडे जाण्याआधी तो बाजूला ठेवावा. दोन आठवडे एका वहीत झोपण्याची, उठण्याची आणि दिवसा डोळा लागल्याची वेळ लिहावी. घोरण्याचा आवाज त्याच मोबाईलवर टिपून ठेवावा. ही वही आणि तो आवाज डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. नुसता निद्रानाश असेल तर बहुधा रात्रीच्या तपासणीची गरज पडत नाही. रात्री पायांत अस्वस्थता होऊन ते सतत हलवावेसे वाटत असतील, तर रक्तातील लोह आधी पाहतात.

श्वास थांबत असल्याचा संशय आला, तर एक रात्र तपासणी केंद्रात झोपावे लागते. काही प्रौढांची तपासणी लहान यंत्राने घरीही होते; मुलांची मात्र सहसा केंद्रातच करतात. डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती आणि पाय यांवर बारीक तारा चिकटवतात. नाकाशी एक नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा लावतात. हे पाहून घाबरू नये. या तारांतून शरीरात वीज जात नाही आणि सुई टोचत नाहीत. नव्या जागी झोप थोडी कमी लागली, तरी बहुतेक वेळा निदानापुरती माहिती मिळते. नोंद तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी तपासतात. आठ तासांचे असे नऊशे साठ तुकडे होतात, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात.

तयारी सोपी आहे. त्या दिवशी केस धुवावेत, तेल लावू नये. दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये, दुपारी झोपू नये. नेहमीची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्यांची यादी डॉक्टरांना दाखवून विचारावे. मधुमेहींनी इन्सुलिन सोबत न्यावे. नखांचा रंग काढावा आणि बोटांवर काळी मेहंदी असल्यास सांगावे, कारण चिमट्याला नोंद घेण्यास अडचण येते. दाढी असेल तर तसे आधी कळवावे, म्हणजे तारा आणि मुखवटा नीट बसवण्याची व्यवस्था करता येते. स्त्रियांनी महिला तंत्रज्ञ मिळेल का, हे नाव नोंदवतानाच विचारावे. लहान मुलाजवळ आई किंवा वडिलांनी रात्री थांबावे. फजरच्या नमाजची वेळही तंत्रज्ञाला आदल्या रात्री सांगून ठेवावी. रमजानमध्ये तरावीह आणि सहरीमुळे झोपेच्या वेळा बदलतात; तातडी नसेल तर ईदनंतरची तारीख घ्यावी.

निदान झाले की उपाय आहेत. मुलांना अनेकदा शस्त्रक्रियेने गुण येतो. प्रौढांना वजन कमी करणे आणि मुखवट्यातून हवेचा दाब देणारे यंत्र उपयोगी पडते. हे यंत्र 1981 साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी प्रथम वापरात आणले.

शिक्षक बंधूंनो, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला उभे करण्यापूर्वी त्याच्या घरी एक प्रश्न विचारा: हा रात्री घोरतो का? पालकहो, आज रात्री आपले मूल झोपल्यावर पाच मिनिटे त्याच्या उशाशी बसा आणि त्याचा श्वास ऐका. एवढे केलेत, तर माझे बोलणे सार्थकी लागले असे मी समजेन.

खुदा हाफिज. जय हिंद.