रानाला फणी लावूया



आज आपण रानातल्या मुळ्यांबद्दल बोलणार आहोत. डाळिंबाची जुनी बाग मोडली, पडीक तुकड्यातली वेडी बाभळ काढली, की रान मोकळं झाल्यासारखं दिसतं. पण नांगरट झाली की खरं कळतं. खाली मुळ्यांचं जाळं तसंच असतं. ट्रॅक्टर पुढं निघून जातो, आणि मागं पाटी घेऊन मुळ्या वेचायला कोण असतं? आपणच. म्हणून या कामाचं अवजार कसं असावं, हेही आपणच सांगायला हवं. असं अवजार गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात तयार होतं. आमच्या गटानं ते करून घेतलं, आम्ही त्याला फणी म्हणतो. डोक्याला लावतो ती फणी, तशीच ही रानाची.

फणी का, ते आधी सांगते. मुळ्या दिसल्या की कुणीतरी म्हणतंच, "रोटाव्हेटर मारा, बारीक होऊन जाईल." रान वरून छान दिसतं खरं. पण हरळीच्या कांडीला पेरापेराला डोळा असतो. एका कांडीचे दहा तुकडे केले, की दहा ठिकाणी हरळी लावल्यासारखं होतं. कुंद्याचंही तसंच. त्यामुळं अशा मुळ्या तोडायच्या नाहीत, विंचरून रानाबाहेर काढायच्या.

डाळिंबाच्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचं आहे. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २००५ साली सुरू झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही आपल्याच केगावला आहे. पण सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या बाजूच्या कितीतरी बागा मर रोगानं गेल्या. मर रोगाची मुख्य बुरशी मुळांतून झाडात शिरते. एका झाडाची मुळी दुसऱ्या झाडाच्या मुळीला लागली, की रोग पुढं सरकतो. झाड तोडलं तरी रोगट मुळ्यांचे तुकडे मातीत राहिले, तर बुरशी तिथंच राहते. मग त्याच रानात नवी रोपं लावायची आणि चार वर्षांनी परत कपाळाला हात लावायचा. म्हणून मुळ्या वेचणं हे नुसतं रान साफ करणं नाही, पुढच्या बागेचं ते पहिलं औषध आहे.

गावातल्या दुकानात कसलं अवजार होतंय, असं कुणी म्हणालं तर त्याला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगा. बेळगावात सायकल दुरुस्तीच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढं लोखंडी नांगर केला. लोखंडानं जमीन नासते, असं लोक म्हणायचे. नांगर विकला जाईना. पण शेतकऱ्यानं तो वापरून पाहिला आणि मग मागणी वाढली. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

आता फणी कशी करायची ते बघू. आपला कुळव डोळ्यांपुढं आणा. त्याला आडवं दिंड असतं, खाली जानोळी आणि जानोळ्यांत फास. फास मातीखालून सरळ कापत जाते. आपल्याला फास नको, दाते हवेत.

सांगाड्यासाठी भंगारातला जुना मोगडा मिळाला तर उत्तम. ट्रॅक्टरला जोडायची तीन ठिकाणं त्याला आयतीच असतात. खालच्या दोन पिना मात्र मोजून घ्या. लहान ट्रॅक्टरला त्या २२ मिलिमीटरच्या लागतात, मोठ्याला २८ च्या. पीन ढिली बसली तर अवजार झोलत राहतं.

दात्यांना ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड चांगलं. ते चिवट असतं. पण त्याला थेट वेल्डिंग केलं तर जोडाजवळ ते ठिसूळ होतं आणि दगडाला लागलं की तिथंच मोडतं. म्हणून दाते बोल्टनं बसवायचे. प्रत्येक दात्याला दोन बोल्ट, त्यातला एक मुद्दाम साधा, बारीक घ्यायचा. खडकाला अडकलं तर तो बोल्ट तुटेल, पण दाता आणि सांगाडा वाचेल. बोल्ट बदलणं स्वस्त पडतं.

दात्याचा आकार कसा? मातीत हात घालून मुळी ओढताना आपली बोटं वाकतात, तसा. टोक पुढं आलेलं. सुरुवातीला पाच दाते पुरेत, पुढच्या ओळीत तीन आणि मागच्या ओळीत दोन. एका ओळीतल्या दात्यांत दीड फूट अंतर ठेवा आणि मागचा दाता पुढच्या दोघांच्या मधोमध येऊ द्या. म्हणजे रान वीतभर अंतरानं विंचरलं जातं. दोन ओळींत हातभर मोकळी जागा हवी, नाहीतर मुळ्या आणि ढेकळं मध्ये तुंबतात. दाते फार जवळ घेतले तर फणी माती ओढत बसते, फार लांब घेतले तर मुळ्या निसटतात. हे कागदावर कळत नाही. एका कोपऱ्यात एक पट्टा फणी चालवून आणि एक तशीच ठेवून बघा. दोन्हीकडं किती पाट्या मुळ्या निघाल्या ते मोजा आणि मग दाते सरकवा.

चालवायची वेळही सांगते. काळं रान फार वाळलं असेल तर मोठी ढेकळं निघतात, ओलं असेल तर दात्यांना चिखल बसतो. वाफसा आला की चालवा. पहिल्या खेपेला वीतभर खोल, दुसऱ्यांदा फूटभर, आणि दुसरी खेप आडवी. मोठी खोडं फणीनं निघत नाहीत, ती आधी खोदून काढावी लागतात. वेडी बाभळ वरच्यावर तोडली तर खालून परत फुटते. तिचा बुडखा जमिनीखाली फूटभर उकरून काढा.

आता जिवाची गोष्ट. खोड ओढायला साखळी लावायची झाली तर ती ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांड्यालाच बांधा. वर, टॉप लिंकच्या जागी बांधली आणि खोड हललं नाही, तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं उलटतो. उडी मारायला वेळ मिळत नाही. साखळी ताणलेली असताना आसपास कुणी उभं राहायचं नाही. फणीवर वजन हवं असेल तर वाळूची पोती घट्ट बांधा, माणूस बसवू नका, पोर तर नाहीच. दात्यांत मुळ्या तुंबल्या तर फणी जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, मगच हात घाला. उचललेल्या अवजाराखाली वाकू नका. पदर आणि ओढणी खोचलेली असू द्या.

शेवटची गोष्ट भाड्यानं देण्याची. या फणीचा गटाला धंदा होऊ शकतो. तशी ती घरगुती असल्यानं अनुदान धरू नका, ते तपासणी झालेल्या अवजारांना मिळतं. खर्च आपलाच धरून भाडं ठरवा. पण एका रानातून दुसऱ्या रानात फणी जाताना तिच्या दात्यांवरची माती मर रोग बरोबर नेते. म्हणून नियम करा. फणी ज्या रानात चालली, त्याच रानात खरवडून, पाण्यानं धुऊन बाहेर काढायची. धुतल्याची नोंद आणि सही वहीत. न धुता आलेली फणी पुढं द्यायची नाही, मग ती अध्यक्षांच्या घरची का असेना. वेचलेल्या रोगट मुळ्या चांगल्या बागेतून ओढत नेऊ नका आणि बांधावर ढीग घालून ठेवू नका. त्याच रानात एका बाजूला वाळवून जाळून टाका.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं करा. कुणाच्या रानात काय आहे, हरळी, कुंदा, बाभळीच्या मुळ्या की डाळिंबाच्या, त्याची यादी करा. मग वेल्डिंगवाल्या दादांकडं दोघी-तिघी मिळून जा, आणि मुळ्या वेचायला जी रोज जाते तिला बरोबर न्या. दोन दात्यांत अंतर किती ठेवायचं, हे त्या दुकानात तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक नसतं.