गिरहची विधवा



इंडोनेशियाच्या काव्यातील स्त्री हा विषय फार मोठा. त्यातली एकच बाई मी आज आपल्यापुढे आणते. तिचे नाव चालोन आरांग.

जावा बेटावर अकराव्या शतकात ऐरलंग राजा राज्य करीत होता. गिरह गावची ही विधवा त्याच्या काळातली. लोक तिला चेटकीण म्हणून भीत. तिची मुलगी रत्ना मंगली देखणी होती (नाव कसे आपल्याच आळीतले वाटते!), पण आईमुळे तिला कोणी मागणी घालीना. आई संतापली. तिने स्मशानात दुर्गेची आराधना करून राज्यात रोगराई सोडली. राजाने धाडलेल्या शिपायांचेही तिच्यापुढे काही चालले नाही. शेवटी भराडा नावाच्या मुनीने आपला शिष्य बहुला याचे रत्नेशी लग्न लावून दिले. जावयाने सासूची पोथी हस्तगत करून गुरूला दिली आणि गुरूने विधवेचा अंत केला.

बाली बेटावर नाटकांतून रांगदा ही राक्षसी येते, सुळे आणि लोंबत्या जिभेची. तिचे नाते याच बाईशी जोडतात. रांगदा म्हणजे विधवा. हा शब्द आपल्याही कानावरचा आहे. आपल्याकडे त्याची शिवी झाली, म्हणून मी तो उच्चारीत नाही.

तोएती हेराती (१९३३–२०२१) या तिकडच्या कवयित्री, तत्त्वज्ञानाच्या पंडिता. त्यांनी २००० साली चालोन आरांगवर पुस्तकभर काव्य लिहिले आणि ही पुरुषसत्तेने बळी घेतलेल्या बाईची कहाणी आहे, असे नावातच सांगून टाकले. खरेच, मंत्र तिलाही येत होते आणि भराड्यालाही. त्याला मुनी म्हणाले.

तरी तिची सगळी बाजू मला पटत नाही. रोगराईत मेलेल्यांत लेकरेही असतील, त्यांनी काय केले होते?

मला अधिक टोचते ते रत्नेचे. जिला कोणी करून घेत नव्हते, तिच्या दारी नवरा आला. केवढा हरखला असेल तिचा जीव! त्याने गोडीत विचारले, आई रोज कुठे जाते, पोथी कुठे ठेवते. बायकोने नवऱ्यापासून काय लपवायचे? तिने सांगितले. मुनीच्या या करणीला कथा सांगणारे युक्ती म्हणतात. त्या पोरीला मात्र कुणी विचारले नाही, बाई, तुझे लग्न कशासाठी लावले हे तुला ठाऊक होते का?