कपाटाचं कुलूप काढा



सकाळपासून या मांडवात जो तो मोबाइलला शिव्या घालतो आहे. मुलं वाचत नाहीत, दोष मोबाइलचा. मला हे साफ अमान्य आहे. मोबाइल यायच्या कितीतरी आधीपासून आपल्या शाळांतली गोष्टींची पुस्तकं लोखंडी कपाटात बंद आहेत आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात आहे. पुस्तक हातातच पडलं नाही, तर त्याची गोडी लागणार कशी?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची काढून वाचा. प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंही हवीत, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. आपण काय करतो? 15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, कपाट उघडतो. मुलांच्या हाती पुस्तकं देऊन फोटो काढतो, फोटो वर पाठवतो आणि पुस्तकं मोजून पुन्हा आत ठेवतो. वाचता वाचता अर्ध्यावर आलेल्या मुलीच्या हातातून पुस्तक काढून घेताना आपला हात थरथरत कसा नाही?

शिक्षकांची अडचण मी जाणते. पुस्तक हरवलं तर जाब त्यांना द्यावा लागतो, फाटलं तर निर्लेखनाचे कागद त्यांनीच रंगवायचे. म्हणून माझं भांडण त्यांच्यापेक्षा तपासणीला येणाऱ्या साहेबांशी आहे. साहेब, कपाटात किती पुस्तकं आहेत ते मोजू नका. घरी किती गेली, फाटली किती, ते विचारा. पहिलीतल्या पोराने पुस्तक हाताळलं की पान दुमडणार, आमटीचा डाग पडणार. वर्षानुवर्षं कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक ही त्या शाळेची नामुष्की आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली, शाळाच उचलून कुरणात नेली. आपल्याला पुस्तक कपाटातून मुलांच्या सतरंजीपर्यंत नेववत नाही!

आता पालकांकडे वळते. ‘आधी वाचायला येऊ दे, मग गोष्टीचं पुस्तक घेऊ,’ असं तुम्ही म्हणता. हे उफराटं आहे. अक्षर ओळखत नाही त्या वयातच मुलाला मांडीवर घेऊन, चित्रं दाखवत गोष्ट वाचून दाखवायची असते. या कागदात काहीतरी मजेचं आहे हे कळलं, की ते अक्षरांच्या मागे स्वतःहून लागतं. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा, दहाव्यांदा मागितलं तरी वाचा. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ बघा. त्यात घरातलीच माणसं आहेत, राक्षस नाही की राजपुत्र नाही, तरी मुलं त्यात रमतात.

आणि कृपा करा, गोष्ट संपताच ‘यातून काय शिकलास?’ असं विचारू नका. ताम्हनकरांचा गोट्या, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्यामागे पिढ्या वेड्या झाल्या त्या तात्पर्यासाठी नव्हे. पुढे काय होणार, या ओढीने झाल्या. आम्हा लेखकांनाही हे सांगायला हवं. पाच वर्षांच्या मुलासाठी लिहायला बसलं, की आमच्यातले पुष्कळजण आधी उपदेश ठरवतात आणि मग त्याला ससा-कासव चिकटवतात. मुलं असलं पुस्तक मिटून ठेवतात. त्यांचं बरोबर आहे.

नुसतं भाषण करून मी जाणार नाही. ठराव मांडते: तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत गोष्टींची पुस्तकं मुलांचा हात पोचेल अशा उघड्या फळीवर किंवा दोरीवर ठेवावीत, ती घरी न्यायला द्यावीत, आणि वापरून फाटलेल्या पुस्तकाची वसुली कोणत्याही शिक्षकाकडून करू नये. शिक्षण खात्याचे अधिकारी समोरच बसले आहेत. त्यांनी उत्तर इथेच, मुलांदेखत द्यावं. अनुमोदन कोण देतंय?