मुसळी : बाटलीतून रानात

गणपतीला आपण आघाडा, माका, अर्जुनाची पत्री वाहतो, ही सारी औषधेच. सातपुड्यातली सफेद मुसळी मात्र मुळीसाठी खणली जाते, म्हणून रानात विरळ होत चालली. तिच्या शास्त्रीय नावात मुंबईचे बोरिवली आहे, याची आम्हांला गंमत वाटते.

मुसळीचे बी फार कमी उगवते. म्हणून शेतकरी मुळ्यांचीच लागवड करतो. विकायचा माल बियाण्यात जातो. प्रयोगशाळेत बी निर्जंतुक करून बाटलीतल्या अगरवर ठेवतात. त्यात साखर, क्षार, जीवनसत्त्वे. कृती बहुधा मुराशिगे-स्कूग यांची, १९६२ ची. बुरशीचा एक कण शिरला की बाटली गेलीच! उगवलेल्या कोंबापासून पुढे पुष्कळ रोपे होतात, पण ती सारी एका वाणाची. एकीला रोग, तर सगळ्यांना धोका. तेव्हा बी अनेक झाडांचे घ्यावे, असे आमचे मत आहे.

बाटलीतले रोप लाडावलेले असते. मोहगावच्या उन्हात थेट नेले तर मान टाकते. आधी दमट सावलीत काही आठवडे, मग पावसाच्या तोंडावर वाफ्यात. रोपे घेताना भावाआधी विचारा, सावलीत किती दिवस होती?